मजकूर तपासला, निर्णय कायम

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

ही दैनंदिनी नाही. माझी मुलगी तेजस्वी बंगळुरूला असते, तिला कॉम्प्युटरमधलं कळतं. ती म्हणाली, "आई, जे होतंय ते तारीखवार लिहून ठेव, अपिलात लागेल." म्हणून ही नोंद. नमुन्याला आलेली एक डायरी दुकानात पडून होती, तिचाही उपयोग झाला.

ज्या कुणा साहेबापुढे ही वही जाईल त्याच्यासाठी आधी ओळख. मी निशिगंधा विजयसिंह इंगवले, वय त्रेपन्न, राहणार उचगाव. घराच्या पुढच्या खोलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, बारशाची निमंत्रणं आणि मयताच्या बातम्या. मयताच्या बातम्यांसाठी अकरा वर्षांपूर्वी मी फोनवर एक पेज काढलं, 'दुःखद वार्ता, उचगाव परिसर'. परिसर म्हणता म्हणता जयसिंगपूर, नृसिंहवाडीपर्यंत गेला. आज एकोणीस हजार माणसं ते बघतात. सकाळी चहाबरोबर उघडतात, आपल्यातलं कोणी नाही ना बघतात आणि मग आंघोळीला जातात.

पूर्वी घरात कुणी गेलं की एका माणसाला फोन घेऊन बसवायला लागायचं, शे-दीडशे जणांना कळवायला. आता कुणी कुणाला फोन करत नाही. 'निशावैनीला फोटो पाठवला का?' एवढंच विचारतात. ते फोन माझ्यामुळे बंद झाले याचा मला फार अभिमान होता.

आज सकाळी दहाला शिवशरण आला. त्याची आई शांतव्वा शनिवारी पहाटे गेली. मी सहालाच बातमी टाकली होती. त्याने त्याचा फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "वैनी, ह्यात माझी आई कुठं हाय, दावा."

नव्हती. माझ्या फोनवर मात्र आता एक चौकट आली होती, 'या मजकुरात लैंगिक आशय आढळला, म्हणून तो हटवला आहे.' मी चार वेळा वाचलं. शिवशरणच्या समाजात माणूस गेला असं म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात, म्हणजे शिवाशी एक झाला. तो शब्द मी अकरा वर्षं लिहितेय. त्यातला अर्धा तोडून कुठल्या यंत्राने काय समजून घेतलं देव जाणे.

"निपाणीसनं, हुक्केरीसनं मानसं यायची हुती," तो म्हणाला. "दुपारी चारला मूठमाती दिली. गल्लीतली सोडली तर कोन न्हाई. आन् हितं काय लिवलंय? माझ्या आईच्या नावाखाली हे लिवलंय?"

मी माफी मागितली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता फोन खिशात घालून गेला. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मी पुढची लग्नपत्रिका घेतली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

अपील केलं. तेजस्वीने मजकूर सांगितला, मी टाइप केला. लिंगैक्य म्हणजे काय, कोणत्या समाजात म्हणतात, सगळं. पाठवायचं बटण दाबलं आणि चहा ठेवायला उठले, तोवर उत्तर आलं, 'मजकूर पुन्हा तपासला. निर्णय कायम.' एक मिनिटसुद्धा झालं नाही. तलाठीसुद्धा इतक्या लवकर नाही म्हणत नाही.

तेजस्वी म्हणाली, माणूस बघतच नाही, यंत्र बघतं. त्याला मराठी अर्धीमुर्धी येते. आणि त्याच्या दोन पद्धती आहेत. काही बातम्या काढून टाकतं आणि तसं कळवतं. काही काढत नाही, कळवतही नाही, फक्त बाकीच्यांना दाखवायचं बंद करतं.

"मग टाकणाऱ्याला कळणार कसं?" मी विचारलं.

"नाही कळत. तुला ती तिथेच दिसत राहणार."

"म्हणजे मी एकटीच बघत बसायचं?"

"हो. आई, तू कशी आहेस?"

बरी आहे म्हटलं. दुकान चालू आहे. ती मधेच असं विचारते.

संध्याकाळी एका आजोबांची बातमी टाकली, 'जगाचा निरोप घेतला' असं लिहून. लगेच यंत्राने मलाच विचारलं, 'तुम्ही कठीण काळातून जात आहात का? कुणाशी बोलावंसं वाटतं का?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. निरोप घेतला म्हणजे मीच घेतला असं त्याला वाटलं. मी नाही दाबलं. मग त्याने दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं, नाहीतर घेतला असता.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शब्द बदलून बघते आहे. निधन चालत नाही, अंत्यदर्शन चालत नाही. 'वारले' एकदा चाललं, दुसऱ्यांदा नाही. 'स्वर्गवासी' चालतं, त्याला वाटत असेल गावाचं नाव आहे. आज एकांच्या बातमीत लिहिलं, 'श्री. अमुक आता आपल्यात नाहीत.' त्यांच्या साडूंचा मला फोन, "मग हाईत कुठं? मुलीकडं गेल्यात काय?"

मुलगाही आला भांडायला. "वारले म्हणाय लाज वाटती काय तुमाला? बाप वारलाय माझा, बदली झाल्यागत काय लिवलायसा?"

त्याचं बरोबर आहे. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. वडील कसे गेले ते तो पाऊण तास सांगत बसला. मी मधूनमधून मान हलवत होते आणि एका हाताने पत्रिकेची बॉर्डर लावत होते. जाताना तो म्हणाला, "लई हलकं वाटलं बगा वैनी." त्याला कशाने हलकं वाटलं मला कळलं नाही, काम तर मी काहीच केलं नव्हतं.

९ नोव्हेंबर, रविवार

जयसिंगपूरला नणंदेची, संयोगिताची वास्तुशांत होती. गेले होते. जेवण झकास होतं असं सगळे म्हणत होते. मला हल्ली मीठ कमी-जास्त कळत नाही. ऑगस्टमध्ये दाढ काढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन देतो, दुखणार नाही. मी म्हटलं, नसलं तरी चालेल. ते हसले, त्यांना वाटलं मी विनोद केला.

तिथे हंबीरराव दिसले. मांडवाच्या दारातच. मला बघितलं आणि तोंड फिरवून बुटात पाय घालायला लागले. मीही दुसऱ्या बाजूने आत गेले.

याचा अपिलाशी संबंध नाही, पण लिहिते. माझे यजमान म्हणजे विजयसिंह. वीज मंडळात लाइनमन होते. नोकरी सगळी जयसिंगपुरात, शनिवार-रविवारी घरी. हंबीरराव त्यांचे जोडीदार. सव्वीस वर्षं एक खांबावर चढायचा, दुसरा खाली शिडी धरायचा. महापुरात दोघं होडीतून तारा जोडत फिरले. शिरोळ तालुक्यात असं घर नसेल जिथे यांनी चहा घेतला नाही. कुणाच्याही मयताला हे पुढे, लाकडं आणण्यापासून खांद्यापर्यंत. दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन उचगावला आले. इथे त्यांना कोण ओळखणार, शनिवारी येणारा माणूस.

९ एप्रिलला हे गेले. बातमी मीच टाकली. शुक्रवारी, ११ तारखेला, सकाळी नऊ वाजता रक्षाविसर्जन. आमच्याकडे मयताला पोहोचता आलं नाही तर माणूस रक्षाविसर्जनाला येतोच येतो. परगावाहून गाड्या करून येतात, स्मशानात जागा पुरत नाही. यांच्या रक्षेला अकरा माणसं होती. मी धरून. जयसिंगपुराहून एक संयोगिता आणि तिचा नवरा, ते आदल्या दिवसापासून घरातच होते म्हणून.

आजपर्यंत त्या बातमीखाली एका माणसाने दोन शब्द लिहिलेले नाहीत. शेजारच्या गल्लीतले एक म्हातारे जन्मभर ओट्यावर बसून होते, त्यांना चारशे जणांनी श्रद्धांजली वाहिली. मी कधी कधी उघडून बघते. फोटो, चार ओळी आणि खाली कोरं.

माझा कुणावर राग नाही. माणसं अशीच असतात, मला लवकर कळलं एवढंच. मीही मग कुणाकडे जायचं बंद केलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दोन मयत, एक बारसं, एक नगरसेवक व्हायला निघालेल्या माणसाचा वाढदिवस. वाढदिवसाच्या फलकाला यंत्राची काही हरकत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तेजस्वीने पेजच्या सेटिंगमधली एक जागा शोधून दिली. तिथे यंत्राने काढलेल्या आणि झाकून ठेवलेल्या सगळ्या बातम्यांची यादी मिळते. ती म्हणाली, "ही यादी अपिलाला जोडू. जुनी आधी, नवी शेवटी अशी लाव आणि मला पाठव."

लावली. एकूण त्रेचाळीस. पहिली ९ एप्रिलची.

मी यादी पाठवली नाही. दुकान बंद केलं. मग कडी काढून परत उघडलं, कारण एक जण पत्रिकेचं प्रूफ बघायला येणार होता.

त्या बातमीपुढे लिहिलंय, 'स्वतःला इजा करण्याचा आशय. पोहोच मर्यादित.' त्याच्यापुढे, 'पाहिलेल्या व्यक्ती : ३.' त्यातली एक मी, एक तेजस्वी. तिसरं कोण कळत नाही. मीच कदाचित, दुकानाच्या कॉम्प्युटरवरून.

तेजस्वीला फोन करून सगळं सांगितलं. तिने विचारलं, "आई, त्यात काय लिहिलं होतंस?"

नेहमीचंच. नाव, वय, वेळ. चार ओळींखाली थोडी जागा उरली होती. फोटो आडवा होता, त्यामुळे खालचा भाग रिकामा दिसत होता. म्हणून एक ओळ घातली, 'ते गेले. आता मलाही इथं काही राहिलेलं नाही.' लिहायची एक पद्धत असते ती. दुसऱ्यांच्या बातम्यांत मी 'पोरके झालो', 'अंधार झाला' असलं सगळं लिहितेच की. यंत्राला वाटलं मी स्वतःबद्दल लिहिलंय.

तेव्हाही त्याने विचारलं होतं, कुणाशी बोलायचंय का. आता आठवतंय. फोन खणाणत होता म्हणून मी ते न वाचता घालवलं. नाही, फोन खणाणत नव्हता. कुणाचाच आला नव्हता.

तेजस्वी म्हणाली, एकदा असा शिक्का बसला की यंत्र त्या पेजकडे कायम वाकड्या नजरेने बघतं. म्हणजे नंतरच्या बेचाळीस घरांना त्या एका ओळीचा प्रसाद मिळाला. शांतव्वालाही.

"आई, बाबांचं कुणाला कळलंच नाही गं," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी म्हटलं, रडू नकोस, ऑफिसात आहेस.

१५ नोव्हेंबर, शनिवार

शिवशरणकडे गेले. सांगायला पाहिजे होतं. बाहेरच्या सोप्यात पाचसहा पाहुणे घोंगड्यावर बसले होते, कर्नाटकातले. त्यांच्यात तो आईचं सांगत होता, निम्मं कानडीत, निम्मं मराठीत. शेवटच्या रात्री तिने ताक मागितलं आणि मी दिलं नाही, खोकला होता म्हणून, असं सांगताना त्याचा आवाज गेला. एक पाहुणा त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसला होता.

पाहुणे गेल्यावर मी माझी चूक सांगितली. एप्रिलपासूनचं सगळं. तो ऐकून म्हणाला, "जाऊ द्या वो वैनी. आता फोन करतोय एकेकाला. कळंल तशी मानसं यायलीत. रोज पैल्यापास्नं सांगतोय, त्वांड दुखाय लागलंय. पर सांगितल्याबिगर र्‍हाववत न्हाई." मग त्याने विचारलं, "आन् मालकांचं कसं झालं हुतं वो?"

"झटका आला," मी म्हटलं.

तो पुढचं ऐकायला थांबला होता. मी कपातला चहा संपवला. आणि घरी आले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

जयसिंगपूर. दहाची एसटी.

का गेले मला नक्की सांगता येत नाही. हंबीररावांना खरं कळायला हवं, एवढं वाटत होतं. माझ्यासाठी नाही. हे त्यांना भाऊ मानायचे म्हणून.

ते अंगणात मोटार दुरुस्त करत बसले होते. मला बघून उठले नाहीत. त्यांची बायको चिमणाबाई दारात आली. मीच पायरीवर बसले.

"कशाला आलासा?" ते म्हणाले. "सात म्हैन्यानं आटवण झाली?"

"तुम्ही आला नाहीत," मी म्हटलं.

"कळवलं न्हाईसा, कसा येनार? मला कवा कळलं म्हाईत हाय? जूनमदी. ऑफिसात तुमचं कागद आलं, तितला क्लार्क म्हनला, इंगवले गेलं की वो. एका क्लार्कानं सांगावं मला? शिडी धरलीय मी त्येची सव्वीस वरसं. खांदा द्यायचा हुता मला." त्यांनी हातातला पाना खाली टाकला. "म्या घरात सांगितलं, त्या बाईचं त्वांड बगायचं न्हाई. हिच्या एवढ्या मोठ्या पेजवर सगळ्या जगाचं मयत येतंय, आन् नवऱ्याचं लपवलं."

मी फोन काढला, बातमी दाखवली, यादी दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितलं. मी यंत्राचं समजावून सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांचा चेहरा काही मऊ पडला नाही.

"ते मिशन काय मला वळखतंय?" ते म्हणाले. "त्येनं न्हाई दावलं, खरं हाय. पर माझा नंबर तुमच्याकडं हुता की न्हाई? एक फोन कराय काय झालतं, वैनी?"

याचं उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. बातमी टाकली की फोन करायचा नाही, हा माझाच नियम. गावाला मी तो लावला. यांचं झालं त्या दिवशी फोन माझ्या मांडीवर होता आणि मी थांबले होते, लोक बघतील आणि येतील म्हणून. दोन दिवस थांबले होते. एवढं मात्र मी त्यांना सांगितलं.

चिमणाबाई म्हणाली, "दोन दिस अशीच बसलीस? एकटी?"

हंबीररावांनी चष्मा काढला आणि ते तो शर्टाच्या टोकाला पुसत राहिले. "मला वाटत हुतं तुमी आमाला तोडलंसा," म्हणाले.

"मला वाटत होतं तुम्ही तोडलंत," मी म्हटलं.

"रविवारी येतो," ते म्हणाले. "रक्षा न्हाई तर न्हाई. दारात तर येतो. बाकीच्यास्नी मी सांगतो, तुमी कुनाला काय टाकू नगासा."

२० नोव्हेंबर, गुरुवार

यादीसकट दुसरं अपील. 'मजकूर तपासला. निर्णय कायम.' या वेळी चाळीस सेकंद.

पेजवर एक सूचना टाकली, 'मयत झालं की घरटी एका माणसाने फोन घेऊन बसावं. नुसत्या पेजवर विसंबू नये.' ती कुणाला दिसली की नाही मला माहीत नाही. म्हणून दुकानाच्या दारावर कागदावरही लावली. आज तिघांनी ती वाचून मला विचारलं, धंदा बंद करताय का.

२३ नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळचे सहा वाजलेत. मंडळी आत्ताच गेली. तेजस्वी काल रात्रीच्या गाडीने आली होती, ती भांडी विसळते आहे.

सकाळी नवालाच दोन ट्रॅक्स गाड्या दारात उभ्या राहिल्या. हंबीरराव पुढे, मागे मंडळातले सगळे जुने. काही जण काठी घेऊन उतरले. मग बायका उतरल्या. दुपारपर्यंत माणसं येतच राहिली, मोटारसायकलवरून, एसटीने. मी कुणालाही कळवलं नव्हतं. घोंगडी कमी पडली म्हणून शेजारून सतरंज्या आणल्या. शिवशरणही आला, त्यानेच आणल्या.

बसल्यावर हंबीररावांनी घसा साफ केला आणि विचारलं, "वैनी, कसं झालं ते सांगा."

हे विचारायची पद्धतच आहे. मयताच्या घरी आलं की आधी हेच विचारतात आणि घरातल्या माणसाने पहिल्यापासून सांगायचं असतं. अकरा वर्षं मी लोकांच्या बातम्या केल्या आणि एक शिवशरण सोडला तर मला कुणी हे कधी विचारलं नव्हतं. एप्रिलमध्ये जे अकरा होते ते सगळे घरचेच होते, त्यांना काय सांगणार.

मी सांगितलं, बुधवार होता. हे सकाळी फिरून आले, चहा घेतला, पावणेआठला छातीत दुखलं. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. सगळ्यांनी मान हलवली. कुणीतरी 'अरे अरे' म्हणालं. सांगून झालं, मला काही झालं नाही.

मग आणखी एक गाडी आली. त्यातल्या बायका आत माजघरात बसल्या आणि चिमणाबाईने परत विचारलं. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी मला आठवलं की चहा त्यांनी अर्धाच घेतला होता. मिक्सरच्या वायरचा पिळा उसवला होता, तो दुरुस्त करायला मांडी घालून बसले होते. खिशातला टेस्टर कानावर लावला होता, पेन्सिलीसारखा. हे मी सांगितलं तेव्हा बाहेरून हंबीरराव म्हणाले, "कानावरच लावायचा त्यो. किती येळा सांगितलं, पडंल." आणि ते रडायला लागले.

तिसऱ्यांदा दुपारी दोनला सांगितलं. नृसिंहवाडीहून बाळाबाई आली होती. घाटावर फुलं विकते, सत्तरीच्या पुढची, कमरेत वाकलेली. मी तिला ओळखत नव्हते. तिची ओळख तिनेच करून दिली, "पुरात माज्या घरात पंधरा दिस उजेड नव्हता. तुज्या मालकानं गळ्याएवढ्या पान्यातनं येऊन तार जोडली. फुकट फुलं दिली तर घेतली न्हाईत, दत्ताला घाल म्हनला." ती माझ्या अगदी जवळ येऊन बसली. सगळं ऐकलं. मग सरळ विचारलं, "छातीत दुकलं तवा तू कुटं हुतीस गं?"

आतापर्यंत हे कुणी विचारलं नव्हतं. तेजस्वी दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"दुकानात होते," मी म्हटलं. "याच भिंतीच्या पलीकडे. त्यांनी हाक मारली, 'निशा, जरा ये की.' माझ्याकडे एक मयताची बातमी आली होती. दहाची अंत्ययात्रा होती, आठच्या आत टाकायची होती. मी म्हटलं, दोन मिनिटं, कुणाचं तरी आलंय. त्यांनी परत हाक मारली नाही. मी फोटो कापला, नाव घातलं, फुलांची बॉर्डर लावली. बॉर्डर नीट बसत नव्हती म्हणून परत लावली. मग उठले. दहा मिनिटं झाली असतील. भिंतीला टेकून बसले होते आणि वायर हातात होती."

मला वाटलं आता या सगळ्या उठून जातील. मला तेच योग्य वाटलं असतं.

"दोन मिन्टं म्हनलीस नव्हं?" बाळाबाईने विचारलं.

"हो."

"आयकलं आसंल त्येनं?"

"'बरं' म्हणाले."

"मग त्येला ठावं हुतं की तू येतीयास," ती म्हणाली. "वाट बगत बसला हुता. एकटा न्हवता गेला."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि जे बाहेर पडलं तो माझा आवाज आहे हे मला आधी कळलंच नाही. तेजस्वी धावत आली. चिमणाबाईने माझं डोकं मांडीवर घेतलं. मी मोठमोठ्याने रडत होते, ओट्यावर, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं, आणि इतक्या माणसांत मला कुणीही गप्प बस म्हणालं नाही.